ढमूचा ढीग : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी

ढमू म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर कुत्रा. वय ४, वजन ३१ किलो, खाण्याच्या बाबतीत कुठलाही भेदभाव नाही. सकाळ-संध्याकाळ फिरवायचा, शी पिशवीत उचलायची आणि मग ती पिशवी टाकायची कुठे हा रोजचा घोळ. घंटागाडीवाला ओल्यात घेत नाही, सुक्यात तर नाहीच, आणि त्याचं काही चुकत नाही कारण पुढे तो कचरा हाताने निवडणारी माणसं असतात. इथे तळेगावात आमच्या घरामागे बऱ्यापैकी परस आहे, किचनच्या कचऱ्याचं कंपोस्ट मी ३ वर्षं करतोय आणि मस्त होतं, मग ढमूचं पण त्यातच का नको, एवढा साधा विचार होता. आईने ऐकलं आणि हातातली मेथी खाली ठेवून म्हणाली, "माझ्या भाजीच्या खतात ते घातलंस तर मी भाजीला हात लावणार नाही." ठीक आहे. वेगळा ढीग.

नोंदी ठेवतोय कारण सवय आहे. चाकणला हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये (धातूचे भाग भट्टीत तापवून कडक करतात तिथे) १४ वर्षं झाली, लिहिलं नाही तर झालं नाही असं आमच्यात धरतात.

१९ जानेवारी

आठवडाभर वजन केलं. बॅगा मोजायचा हुकवाला काटा वापरला (बायकोने आधी किचनमध्ये जाऊन तिथला काटा जागेवर आहे ना बघितलं, मग मला बोलू दिलं). रोजचं २८० ते ३९० ग्रॅम, सरासरी ३३० धरू. म्हणजे वर्षाला १२० किलो. एका कुत्र्याचं! आणि आपल्या लेनमध्ये ९ कुत्री पाळलेली आहेत, मोकाट वेगळी.

२ फेब्रुवारी

रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो. सगळ्यात कामाचं सापडलं ते अलास्काचं. तिकडे फेअरबँक्सला स्लेज ओढणारी कुत्री पाळणारे लोक आहेत, एकेकाकडे २०-३०-४० कुत्री, त्यांना हा प्रश्न आपल्यापेक्षा कितीतरी मोठा. त्यांच्यावरून अमेरिकेच्या कृषी खात्याने २००५ साली एक पुस्तिका काढली. कृती सोपी आहे, २ भाग कुत्र्याची शी, १ भाग लाकडाचा भुसा, पाणी इतकंच की मुठीत दाबलं तर ओलसर लागेल पण गळणार नाही, मग ढीग गरम होतो, थंड व्हायला लागला की उलथायचा, परत गरम होतो. ६३ अंशापर्यंत जाऊ शकतो म्हणतात. आणि तरीही त्यात स्पष्ट सांगितलंय की हे खत माणसाच्या खाण्याच्या पिकाला घालू नका.

इथे अडकलो. एवढा गरम होतो तर मग नको का?

तापमानाचे आकडे बघितले. माणसाच्या मैल्यावर झालेल्या जुन्या अभ्यासातून आलेला हिशोब असा की जंतांच्या अंड्यांसकट सगळं मरायला ६२ अंशाला १ तास पुरतो, ५० ला १ दिवस, ४६ ला १ आठवडा, ४३ ला १ महिना. अमेरिकेत सांडपाण्याच्या गाळासाठी जो नियम आहे तो जास्त कडक, बंद भांड्यात असेल तर ५५ अंशाला ३ दिवस, उघडी रास असेल तर ५५ च्या वर १५ दिवस आणि त्या काळात किमान ५ वेळा उलथणं. हे ५ वेळा उलथणं वाचलं आणि झोपेतही डोक्यात तेच. उलथायला का सांगतात? कारण बाहेरचा भाग तापतच नाही.

१२ फेब्रुवारी

चिरंजीव शाळेतून अल्बेंडाझोलची चघळायची गोळी खाऊन आला, जंतनाशक दिनाची. १ ते १९ वयाच्या सगळ्या पोरांना देतात, २०१५ पासून चालू आहे. त्यावरून जेवताना विषय निघाला आणि आईने मला धरला.

आई : "शेणाने आयुष्यभर घर सारवलं. लेंडीखत घातलं. धनगर आला की बाबा शेतात मेंढ्या बसवायचे, त्याचे पैसे द्यायचे वर धान्य द्यायचे. गावाला माणसाच्या मैल्याचं सोनखत सुद्धा घालायचे लोक. मग कुत्र्यानेच काय घोडं मारलंय?"

प्रश्न बरोबर आहे आणि मी आधी उत्तर चुकीचं दिलं. म्हणालो कुत्रा मांस खातो म्हणून. पण ढमू तर निम्म्या वेळी दूध-पोळी खातो. खरं कारण जंतांचं आहे. गाई-मेंढीच्या पोटातले बरेचसे जंत माणसात घर करत नाहीत. कुत्र्या-मांजरांचे काही करतात, निदान प्रयत्न तरी करतात. कुत्र्यातला गोल जंत, टोक्सोकारा, त्याचं अंडं आपल्या पोटात गेलं तर अळी बाहेर पडते पण तिला कुठे जायचं तेच कळत नाही, कारण माणूस हा तिचा पत्ताच नाही. मग ती भटकते, यकृतात, फुप्फुसात, कधीकधी डोळ्यात, आणि डोळ्यात गेली की नजर जाऊ शकते. जास्त करून मातीत खेळणाऱ्या लहान पोरांना होतं. शिवाय शेण काय धुतल्या तांदळासारखं नाही, कच्च्या शेणातही ई. कोलाय जंतू असतो, म्हणून ताजं शेण कोथिंबिरीच्या बुडाशी नकोच, शेणखत म्हणजे कुजलेलं शेण.

आणि सोनखताचं म्हणशील तर, मी आईला म्हटलं, तेव्हा घरात जंत किती जणांना होते? आई दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली, "सगळ्यांनाच." आणि हसायला लागली. "आजी एरंडेल पाजायची रविवारी."

२२ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे ढमूची शी तपासायला दिली, डबीत. गंमत अशी की मी ढिगाचा इतका विचार करत होतो आणि जिथून माल येतो तिथे बघितलंच नव्हतं. रिपोर्ट: हूकवर्म नावाच्या जंताची अंडी दिसली. गोल जंत नाही. डॉक्टर म्हणाले गोल जंत जास्त करून पिल्लांत, आईकडून पोटातच येतो. मोठ्या कुत्र्यात कमी, पण नसतोच असं नाही. शेवटची जंताची गोळी कधी दिली विचारलं तर मला आठवेना. फाईल काढली, ११ महिने. लाज वाटली. ३ महिन्यांनी द्यायची असते. वजनावर गोळ्या दिल्या, १० किलोला १, म्हणजे ढमूला ३.

हूकवर्मचं मला माहीत नव्हतं ते हे की त्याला तोंडातून जायचीही गरज नाही. अंडं ओल्या मातीत फुटतं, अळी बाहेर पडते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत घुसते. कुत्र्याचा हूकवर्म असेल तर माणसात फार पुढे जात नाही, कातडीखालीच वळवळत राहतो, लाल नागमोडी रेघ उठते आणि मरणाची खाज. आई परसात कायम अनवाणी. आज तिला गमबूट आणले. तिने ते उंबऱ्यापाशी ओळीत लावून ठेवले आहेत, घातले नाहीत.

९ मार्च

ढीग क्र. १. जागा: परसाच्या खालच्या कोपऱ्यात, विहिरीपासून जितकं लांब जाता येईल तितकं. विटा नुसत्या रचून साधारण ३ फूट बाय ३ फूट बाय ३ फूट चौकट. यापेक्षा छोटा ढीग उष्णता धरून ठेवत नाही.

आणि इथेच अलास्काच्या कृतीतली मेख कळली. त्यांच्याकडे ४० कुत्री, ढीग भराभर भरतो. माझ्याकडे एक ढमू. दीड महिना झाकणाच्या बादलीत भुशात थर लावून साठवलं (वास आला का? हो. झाकण उघडलं की आला) तरी जेमतेम १६ किलो. त्याने ३ फुटी चौकटीचा तळ सुद्धा झाकत नाही. म्हणून बाकीचा माल बाहेरून: गवळ्याकडून ६ घमेली शेण, लॉन कापलेलं गवत ४ पोती, पालापाचोळा ५ पोती, वखारीतून भुसा २ पोती. भुसा आणताना बघून आणा, प्लायवूड-एमडीएफचा नको, त्यात गोंद असतो. साधा सागाचा-आंब्याचा चालतो.

ढमूचा माल सगळा मधोमध, कडेने किमान फूटभर दुसरं. फावडं वेगळं, घमेलं वेगळं, दोन्हींवर लाल ऑइलपेंटचा पट्टा. हातमोजे. वरून गोणपाट आणि पत्रा.

दांड्याचा थर्मामीटर ऑनलाईन मागवला होता, ५० सेंटिमीटर लांब. आधी उकळत्या पाण्यात धरून तपासला, ९७ दाखवतो. इथल्या उंचीला पाणी ९८ च्या आसपास उकळतं, म्हणजे अंशभर कमी दाखवतोय. चालेल.

११ मार्च
मधे ४४.

१३ मार्च
मधे ५८!! सकाळी पत्रा उचलला तर वाफ. बायकोला उठवून दाखवली. तिने वाफ बघितली, माझ्याकडे बघितलं आणि परत झोपली.

१४ मार्च

मधे ५९. आनंदाने नाचत होतो आणि मग डोक्यात आलं की आपण हे काय करतोय. शॉपमध्ये भट्टी भरली की थर्मोकपल (भट्टीतलं तापमान मोजणारी तार) आपण कुठे लावतो? सगळ्यात गरम जागी? तसं केलं तर ऑडिटर तिथल्या तिथे लॉट होल्डवर टाकेल. सगळ्यात थंड कोपरा शोधायचा, तो तापला की घड्याळ चालू करायचं. ही आमची रोजची रोटी आणि घरी येऊन मी बरोब्बर उलटं करत होतो.

तर आज १२ ठिकाणी दांडा खुपसला. मध्यभागी ५९. मध्यापासून फूटभर ५१. विटेपासून वीतभर आत ३८. वरच्या थरात ४ बोटं खाली ३५. तळाला जमिनीलगत ३६. चारही कोपरे ३३ ते ३५, म्हणजे दुपारच्या हवेइतकेच. अंदाजे हिशोब केला तर ५५ च्या वर असलेला भाग एकूण ढिगाच्या पाव सुद्धा नाही.

ढमूचा माल मधे आहे म्हणून तो तापतोय हे खरं. पण उलथलं की तो मधे राहणार नाही. आणि नाही उलथलं तर हवा संपून ढीग थंड पडणार. पळवाट नाही.

१६ मार्च ते ६ एप्रिल

५ वेळा उलथला. दरवेळी बाहेरचं आत आतलं बाहेर, तोंडाला मास्क. पहिल्या उलथण्यानंतर ५६ ला आला, दुसऱ्यानंतर ५५, तिसऱ्यानंतर ५१, मग गवळ्याकडून अजून शेण आणि एक गोणी गवत घातलं तर ५५, पाचव्यानंतर ४६. एकूण ५५ आणि वर असलेले दिवस: ९. पाहिजेत १५. तेही फक्त मधले.

शॉपच्या भाषेत: लॉट रिजेक्ट.

दिसायला काय सुंदर खत आहे पण. काळं, भुसभुशीत, वास पहिल्या पावसाच्या मातीचा. शेजारचे काका कुंपणावरून बघून म्हणाले एक पोतं द्या. दिलं नाही आणि का दिलं नाही हे समजावण्यात २० मिनिटं गेली. "अहो वास येत नाही म्हणजे झालं की कुजून!" वासावरून कळत असतं तर काय पाहिजे होतं. शी कुजून जाते हो, प्रश्न तिचा नाहीच. गोल जंताच्या अंड्याचं कवच इतकं चिवट असतं की बाकी सगळ्याची माती झाली तरी ते मातीत वर्षानुवर्षं टिकू शकतं.

२० एप्रिल

छोट्या नोंदी. (१) "बायोडिग्रेडेबल" लिहिलेल्या दोन पिशव्या मुद्दाम ढिगात टाकल्या होत्या, ६ आठवड्यांनी जशाच्या तशा, वरची छपाई सुद्धा वाचता येते. आता शी उचलायला जुना पेपर, रविवारच्या पुरवणीचा कागद सगळ्यात बरा. (२) ढमूची शी परत तपासली, अंडी नाहीत. (३) पलीकडच्या काकूंनी मांजराचं लिटर (शीच्या ट्रेमधली माती) पण घेणार का विचारलं. नाही म्हटलं, ती बेंटोनाइट माती असते, कुजत नाही, आणि मांजराचा मामला वेगळाच.

११ मे

बहीण मीनू आली बाळंतपणाला. सातवा संपत आलाय. घरात नुसती गडबड, डोहाळजेवण वगैरे. तिच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या यादीत आहे की मांजराची शी हाताळायची नाही, मातीत काम केलं तर हातमोजे, भाज्या नीट धुवून, मांस पूर्ण शिजवून. टोक्सोप्लाझ्मासाठी, म्हणजे मांजराच्या शीतून पसरणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीसाठी. गरोदरपणात पहिल्यांदाच झाला तर बाळापर्यंत पोचू शकतो. आईने लगेच माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं तो मांजराचा, कुत्र्याचा नाही, माझा ढीग या केसमध्ये निर्दोष आहे. तरी ढिगाला कुलूप लावलं. खरंच लावलं, पत्र्याला कडी आणि कुलूप.

१८ मे

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी साडेसहाला चहाचा कप घेऊन मी ढिगापाशी, दांडा खुपसून आकडा लिहितोय. आई मागच्या पायरीवर. म्हणाली, "तू तिकडे ताप मोजत बस. इकडे बघ."

मेथीच्या वाफ्यात बोका. तो पिवळा, कान फाटलेला, कोणाचाच नसलेला. शांतपणे पुढच्या पायाने माती उकरली, नीट बसला, तोंड आमच्याकडेच, कसलीही घाई नाही. उठला, मागे वळून वास घेतला, माती ओढली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अगदी कडेकडेने, मेथीची दोन रोपं त्यात आडवी झाली, आणि कुंपणावरून गेला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"रोज. माती मऊ केलीस ना तू, कंपोस्ट घालून."

दोन महिने मी ज्या ढिगाच्या कोपऱ्यांचं तापमान घेत होतो तो कुलूपबंद, आणि जी भाजी ताटात येते तिच्यात रोज सकाळी ताजा माल, ० अंश ट्रीटमेंट. आणि मीनू गेला आठवडाभर त्याच वाफ्यातली मेथी खातेय. शिजवून, नशीब.

डोकं शांत केल्यावर वाचलं ते असं: मांजर टोक्सोप्लाझ्माची अंडी आयुष्यभर टाकत नाही, पहिल्यांदा लागण झाली की साधारण १ ते ३ आठवडे टाकतं, तेही जास्त करून लहान वयात. टाकलेली अंडी लगेच लागत नाहीत, पिकायला १ ते ५ दिवस लागतात, म्हणून लिटर रोजच्या रोज काढा म्हणतात. पण वाफ्यातलं कोण काढतंय रोज? आणि एकदा पिकली की ओलसर मातीत वर्षभर सुद्धा टिकतात. मीनूच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, शिजवलेल्या भाजीने घाबरू नका म्हणाल्या, कच्ची कोथिंबीर तूर्तास बाहेरचीही नको.

२१ मे

रिपोर्ट आला. जुनी लागण होऊन गेल्याची खूण आहे, नवीन नाही. डॉक्टर म्हणाल्या काळजी नाही. मीनू म्हणाली लहानपणी ती मनी होती ना आपल्याकडे, पांघरुणात झोपायची, तिचीच कृपा असेल. असेल. आई देवासमोर साखर ठेवून आली.

मेथी सगळी उपटली. वाफ्यावर कोंबड्यांची जाळी, बांबूच्या कमानींवर, चारही बाजूंनी विटा दाबून. खर्च १,१४० रुपये. ढिगावर आजपर्यंत झालेला खर्च सांगत नाही.

संध्याकाळी पोराला घेऊन कोपऱ्यावर गेलो तर तिथे बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर सहा-सात पोरं बोगदे करत होती. लेनमधली कुत्री-मांजरं रात्री कुठे जातात ते आता मला माहीत आहे. वॉचमनला म्हटलं रात्री ताडपत्री टाका. टाकतो म्हणाला.

२२ जून

पाऊस. मी म्हणतोय तो तळेगावचा पाऊस. खालच्या कोपऱ्यात पाणी साठलं, ढिगाचा तळ भिजला, मधे २९ अंश आणि कुजका वास. जागा विहिरीपासून लांब म्हणून निवडली पण सगळं परस तिकडेच उतरतं हे बघितलं नाही, गाढवपणा. दोन दिवस चिखलात उभं राहून सगळं वर हलवलं, आता वीतभर उंच विटांच्या ओट्यावर आहे, आत प्लास्टिक कागद, वर पुढे काढलेला पत्रा. पाणी वाहून भाजीच्या वाफ्याकडे जाणार नाही अशी बाजू. आईने गमबूट घातले.

१३ जुलै

मुलगी झाली! दोघी ठणठणीत. नोंदी बंद.

१४ सप्टेंबर

परत सुरू. गणपती, बारसं सगळं आटपलं. ठरवलेलं असं आहे: ढमूचं खत खाण्याच्या कशालाच नाही, कधीच नाही. मुळा-गाजर-कोथिंबीर तर सोडाच, टोमॅटोला पण नाही. माझा कोपरा तापत नाही, विषय संपला. तयार झालेलं एका ड्रममध्ये भरून वर लाल पेंटने तारीख टाकली, त्या तारखेपासून वर्षभर हात लावायचा नाही. मैला नुसता साठवून सुरक्षित करायचा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही आपल्यासारख्या हवेत, २० ते ३५ अंशात, वर्षभराच्या वरचाच आहे. वर्षाने बोगनवेलीला आणि कुंपणाजवळच्या बुचाच्या झाडाला, तेही मातीत मिसळून वरून पालापाचोळा टाकून. जंताची गोळी दर ३ महिन्यांनी, तारखा फ्रिजवर लावल्यात, पोराने शेजारी ढमूचं चित्र काढलंय.

काकांनी परत पोतं मागितलं. म्हटलं पुढच्या सप्टेंबरला देतो, गुलाबाला घालणार असाल तर. म्हणाले, गुलकंद करतो मी त्याचा. मग नाही, काका.

७ डिसेंबर

ढीग क्र. ३. यावेळी विटांच्या आतून पाचटाचा आणि गोणपाटाचा जाड थर, वर जुनी गोधडी (बायकोला विचारून). मधे ५७, कोपरे ४४. ४४! मार्चमध्ये ३४ होते. अजून कमीच आहे पण वखारवाला म्हणाला थर्माकोल लावून बघा, तर बघतो.

पहाटे गारठा होता, ९ अंश. दांडा घेऊन गेलो तर पत्र्यावर पिवळा बोका, बरोब्बर मधोमध, अंगाचं वेटोळं करून. थर्मामीटर लागत नाही त्याला. मी कुलूप काढायला हात घातला तर एक डोळा उघडला, बघितलं, मिटला. आकडा संध्याकाळी घेतला.